जळकी वाळू दाजींच्या पेव्हर ब्लॉकमध्ये: कुठं चुकलं आणि आता काय करायचं

वाचकाचं पत्र (थोडक्यात): आमची कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत ग्रे आयर्नची (बिडाच्या ओतकामाची) फाउंड्री आहे. महिन्याला १२० टन कास्टिंग निघतं आणि ९० टनांच्या आसपास काळी वाळू बाहेर टाकावी लागते. गोकुळ शिरगावला आमच्या दाजींचं पेव्हर ब्लॉकचं युनिट आहे. डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्गबद्दल वाचलं, एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याचा कच्चा माल होतो हे पटलं, आणि दाजींनी बारीक वाळूच्या ३० टक्के आमची वाळू घालून ६० मिमीचे एम-३५ (चौरस मिलिमीटरला ३५ न्यूटन ताकदीचे) ब्लॉक काढले. एका सोसायटीत ४०० चौरस मीटर बसवले. पहिल्याच पावसात तांबूस डाग उठले. काही ब्लॉकवरून हात फिरवला की पांढरट पूड लागते. २८ दिवसांची ताकद सरासरी ३१ आली. दाजी वाईट बोलले नाहीत, पण वाळू नको म्हणाले. परत प्रयत्न करावा का? शेजारच्या सात-आठ फाउंड्र्याही आपली वाळू द्यायला तयार आहेत. शिवाय नात्यात करारपत्र कसं मागायचं?

उत्तर:

नमस्कार. परत प्रयत्न जरूर करा. मात्र या वेळी सुरुवात दाजींच्या मिक्सरपाशी न करता तुमच्या नॉकआउटपाशी, म्हणजे साचा फोडून कास्टिंग बाहेर काढता तिथं, करा. तुम्ही दाजींना वाळू दिली असं तुम्हाला वाटतंय. तुमच्या वर्णनावरून दिसतं ते असं की तुम्ही फाउंड्रीच्या मागचा ढीग दिला. त्या ढिगात निदान चार वेगळ्या वस्तू असतात आणि त्यातली एकच त्यांच्या कामाची आहे.

आधी दोन गोष्टी हातानं तपासा. डाग पडलेला एक ब्लॉक घ्या. डागाच्या मधोमध मोहरीएवढा काळा ठिपका दिसतो का बघा. तो खिळ्यानं उकरून कागदावर घ्या आणि खालून लोहचुंबक फिरवा. कण चुंबकामागं पळाला तर ते लोखंड आहे: शॉटब्लास्टची (छर्रे मारून कास्टिंग साफ करण्याची) धूळ, फेटलिंगचा (कास्टिंगच्या कडा घासण्याचा) कीस किंवा ओतताना उडालेले थेंब. दुसरा ब्लॉक फोडून रात्रभर पाण्यात ठेवा आणि सकाळी तुटलेली बाजू नखानं खरवडा. वाटाण्याएवढी काळपट गाठ लोण्यासारखी निघाली तर ती बेंटोनाइटची, म्हणजे साच्याची वाळू बांधून ठेवणाऱ्या चिकणमातीची, गोळी आहे. ढीग उघड्यावर भिजला की अशा गोळ्या बनतात आणि पॅन मिक्सरमध्ये त्या फुटत नाहीत.

ताकद का पडली, त्याचा हिशोब सोपा आहे. तुमच्या ग्रीन सँडमध्ये (साच्याच्या ओलसर वाळूत) जिवंत (अजून चिकटणारा) आणि मेलेला (जळून गेलेला) मिळून सगळा क्ले, म्हणजे चिकणमाती, ११ टक्के धरू. दाजींच्या एक घनमीटर काँक्रीटमध्ये बारीक माल साधारण ९५० किलो असतो. त्याच्या ३० टक्के म्हणजे २८५ किलो तुमची वाळू, आणि तिच्याबरोबर ३१ किलो क्ले आत गेला. सिमेंट ४०० किलो असेल तर त्याच्या जवळजवळ ८ टक्के झाला हा. बेंटोनाइट पाणी पिऊन फुगतो. माल घट्ट वाटला म्हणून मिक्सरवरच्या माणसानं पाणी वाढवलं असणार, आणि पाणी वाढलं की ताकद खाली येते. जादा पाणी वर येताना सिमेंट-मातीची साय पृष्ठभागावर आणतं. हाताला लागणारी पूड तीच.

इथं एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. दाजी नव्या पद्धतीचं पीसीई ॲडमिक्श्चर (कमी पाण्यात काँक्रीट मोकळं करणारं पॉलिकार्बोक्झिलेट रसायन) वापरत असतील तर बेंटोनाइट ते पाण्याआधी गिळतो. पीसीईच्या लांब साखळ्या क्लेच्या थरांमध्ये अडकून बसतात आणि डोस वाढवूनही माल मोकळा होत नाही. जुन्या एसएनएफ (नॅप्थलीनवर आधारलेल्या) प्रकारच्या ॲडमिक्श्चरला हा त्रास बराच कमी होतो. तेव्हा कुठलं ॲडमिक्श्चर होतं ते दाजींना आधी विचारा.

आता तुमच्या आवाराकडं वळू. एकाच ढिगात जातो तो माल असा. पहिली, साचे मोडून परत आलेली आणि हॉपर (वाळूची टाकी) भरून ओसंडणारी वाळू. ही सगळ्यात एकसारखी, कोरडी आणि दाजींच्या उपयोगाची. दुसरे कोअरचे (कास्टिंगमधली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्याचे) तुकडे. तिसरी डस्ट कलेक्टरची भुकटी. हिच्यात बेंटोनाइट आणि कोळशाची पूड खच्चून भरलेली असते. चौथा माल म्हणजे शॉटब्लास्टची धूळ, फेटलिंगचा झाडू, भट्टीची मळी, लायनिंगचे तुकडे, आणि खरं सांगायचं तर हातमोजे आणि गुटख्याच्या पुड्यासुद्धा. दाजींकडं फक्त पहिली वाळू जायला हवी. बाकी तिन्हींसाठी वेगळे बंदिस्त कप्पे करा. कप्प्यांवर मोठ्या अक्षरांत मराठी आणि हिंदीत पाट्या लावा, कारण रात्रपाळीत ढकलगाडी कुठं ओतायची ते सुपरवायझर ठरवत नाही, गाडीवाला कामगार ठरवतो. बहुतेक ठिकाणी ही व्यवस्था मोडते ती याच जागी.

ओसंडणारी वाळू हॉपरवरून थेट पट्ट्यावर घ्या. पट्ट्याच्या टोकाला मॅग्नेटिक पुली आणि पुढं ३ मिमी जाळीची व्हायब्रो स्क्रीन, एवढं पुरतं. तुमच्या वाळूचा एएफएस क्रमांक (दाण्याच्या बारीकपणाचा आकडा) ५० ते ६० असेल तर दाणा पाव मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणून कोरडी वाळू या जाळीतून सहज पडते. अडकतात त्या गोळ्या, कोअरचे तुकडे आणि लोखंड. वाळू ओली असेल तर जाळी बुजते आणि कामगार जाळीच काढून ठेवतात. म्हणून चाळणी नॉकआउटनंतर लगेच, वाळू गरम-कोरडी असतानाच करा, ढिगातून उचलून करू नका. मॅग्नेटला लागलेलं लोखंड वजन करून भट्टीत परत टाका, पण एका चार्जमध्ये थोडंथोडंच. त्याला चिकटलेल्या वाळूनं मळी वाढते.

चाळलेली वाळू छपराखाली, कोब्यावर ठेवा. ५ बाय ५ मीटरची, तीन बाजूंनी भिंत असलेली जागा ३५ टनांना पुरते. ३५ हा आकडा कुठून आला ते पुढं येतं.

रोजच्या तपासणीसाठी बाहेर धावायची गरज नाही. तुमच्या सँड लॅबमध्ये मिथिलीन ब्लू (जिवंत क्ले मोजणारी चाचणी) आणि लॉस ऑन इग्निशन (भाजल्यावर घटणारं वजन) रोज होतच असणार. तेच दोन आकडे, सोबत ओलावा आणि ३ मिमीवर राहिलेला माल, एवढे चार आकडे प्रत्येक गाडीच्या चलनावर लिहा. बांधकामावर बाटलीत वाळू-पाणी हलवून गाळ मोजतात, ती पद्धत इथं फसवते. बेंटोनाइट फुगल्यामुळं गाळ आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. लॉस ऑन इग्निशन वाढलं म्हणजे कोळशाची पूड किंवा न जळलेलं रेझिन वाढलं. तसं झालं की ब्लॉकचा रंगही काळवंडतो आणि रंगीत ब्लॉकचं गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणून वरचा ८-१० मिमीचा रंगीत थर तुमच्या वाळूपासून कायम लांब ठेवा. वाळू जाईल ती खालच्या थरातच.

कोअरच्या तुकड्यांबद्दल जरा कडक बोलतो. रेझिननं बांधलेला शेल किंवा कोल्ड बॉक्स कोअर धातूजवळ जळतो, पण कोअर प्रिंटकडचा (साच्यात टेकलेला) भाग कच्चाच राहतो. त्यात फिनॉलिक रेझिन असतं. तुकडा हातात घेतला की वास येतो, पिवळट-तपकिरी रंग दिसतो. हा माल दळून ब्लॉकमध्ये घालायचा मोह टाळा. सीओटू-सिलिकेट (सोडियम सिलिकेटनं बांधलेले) कोअर असतील तर त्यातला सोडियम काँक्रीटमध्ये अल्कली वाढवतो, तेही नको. कोअरची वाळू जिथून आली तिथंच परत जाणं योग्य. रेझिन वाळू ६०० ते ८०० अंश सेल्सिअसला भाजून पुन्हा कोअरसाठी वापरता येते. एका १२० टनांच्या फाउंड्रीला असा थर्मल प्लांट एकटीनं परवडणं अवघड आहे, आणि तुमच्या शेजारच्या सात-आठ जणांचा खरा उपयोग इथं आहे. सगळ्यांचे कोअरचे तुकडे एका सामायिक प्लांटला जाऊ द्या. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या क्लस्टर विकास योजनेतून अशा सामायिक सुविधेला मदत मिळते. उभा असलेला प्लांट क्लस्टरमध्ये असेल तर आधी तिथला दर विचारा.

शेजाऱ्यांची काळी वाळू मात्र दाजींकडं एका ढिगात पाठवू नका. एकाचा क्ले ८ टक्के, दुसऱ्याचा १३. एकाकडं शेल कोअर, दुसऱ्याकडं फ्युरान रेझिनचे. दाजींचं मिक्स डिझाइन रोज हलेल आणि बिघडलं तर कुणाच्या वाळूनं बिघडलं तेही कळणार नाही. त्यातला एखादा पितळ किंवा गनमेटल ओतत असेल तर त्याची वाळू कुठल्याच परिस्थितीत नको. तिच्यात शिसं आणि जस्त असतं. जस्तानं सिमेंट बसायला उशीर होतो, आणि शिसं कुणाच्या अंगणात पुरायची वस्तू नाही.

आता खप किती, ते बघू. दाजी दिवसाला १५० चौरस मीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे ३,७५० चौरस मीटर काढतात असं धरू. त्यांचा खरा आकडा तुम्ही घाला. ६० मिमीपैकी खालचा थर ५० मिमी. बारीक मालाच्या २० टक्के तुमची वाळू घातली तर घनमीटरला १९० किलो, चौरस मीटरला साडेनऊ किलो. महिन्याला झाले ३५-३६ टन. म्हणजे दाजींनी पूर्ण मनानं घेतली तरी तुमच्या ९० टनांतली निम्मीही संपत नाही. हा हिशोब आधी न केल्यामुळंच टक्केवारी ३० वर जाते: वाळू संपवायची म्हणून घातली जाते, ब्लॉकला सोसते म्हणून नाही. त्यात जून ते सप्टेंबर ब्लॉक बसवायची कामं मंदावतात आणि तुमची फाउंड्री चालूच असते.

म्हणून उरलेल्या ५५ टनांसाठी दुसरं गिऱ्हाईक शोधण्याआधी ते टन तयारच कसे होतात ते पाहा. साच्याच्या वाळूच्या चक्रात नवी वाळू, कोअरची वाळू आणि बेंटोनाइट मिळून जेवढं आत जातं, जवळजवळ तेवढंच बाहेर ओसंडतं. मुलरवर (वाळू मळायच्या यंत्रावर) प्रत्येक बॅचला नवी वाळू ठरलेल्या घमेल्यानं पडते की लॅबच्या आकड्यानुसार, ते एक आठवडा उभं राहून बघा. बऱ्याच ठिकाणी ती सवयीनं पडत असते. डस्ट कलेक्टरच्या भुकटीतही जिवंत क्ले शिल्लक असतो. तिची मिथिलीन ब्लू बघून थोडी मुलरमध्ये परत घेता येते, तेवढा नवा बेंटोनाइट वाचतो. मैसुरूजवळच्या नंजनगूड औद्योगिक वसाहतीचा २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथं आठवण्यासारखा आहे. तिथल्या घातक नसलेल्या टाकाऊ मालापैकी ९९ टक्क्यांहून जास्त पुन्हा वापरात जात होता, पण त्यातला मोठा वाटा, एकूण मालाच्या ८१ टक्के, ज्या कारखान्यात तयार झाला तिथंच वापरला जात होता. शेजाऱ्याकडं जाणारा भाग त्यानंतरचा.

कालुंडबोर्गचं म्हणाल तर तिथंही कुणी आधी नकाशा काढला नव्हता. १९६१ मध्ये रिफायनरीसाठी तिस्सो तळ्याचं पाणी आणलं गेलं, १९७२ मध्ये रिफायनरीचा जादा वायू शेजारच्या जिप्सम बोर्डाच्या कारखान्याला जोडला गेला, आणि पुढं एकेक नळ वाढत गेला. प्रत्येक जोडणी दोन कारखान्यांमधला साधा व्यवहार होता. या सगळ्याला सिम्बायोसिस हे नाव १९८९ मध्ये पडलं. तुमचा पहिला नळ म्हणजे हे ३५ टन.

दाजींना पुन्हा तयार करायचं तर त्यांच्यासमोर आकडे ठेवा. एकाच दिवशी, एकाच सिमेंटच्या लॉटमधून चार बॅच काढा: ०, १०, १५ आणि २० टक्के. आधी खडी, क्रश सँड आणि तुमची वाळू कोरडीच एक मिनिट फिरवा, मग सिमेंट, मग पाणी. तुमच्या वाळूतला ओलावा पाण्यातून वजा करा. प्रत्येक बॅचचा माल हाताला सारखाच मऊ येईल इतकं पाणी घाला आणि किती लिटर लागलं ते लिहून ठेवा. पुढचं सगळं त्या आकड्यात दिसतं. प्रत्येक बॅचचे १८ ब्लॉक, एकूण ७२. त्यातले ४ सात दिवसांनी आणि ८ अठ्ठावीस दिवसांनी दाबून बघायचे, ३ पाणी शोषणाला, आणि उरलेले ३ आवारात उघड्यावर ठेवून पंधरा दिवस रोज सकाळी भिजवायचे आणि दिवसभर उन्हात सुकू द्यायचे. डाग येणार असले तर तिथंच येतील. पेव्हर ब्लॉकच्या भारतीय मानकात, आयएस १५६५८ मध्ये, पाणी शोषणाची मर्यादा सरासरी ६ टक्के आणि एकट्या ब्लॉकला ७ टक्के आहे. ज्या टक्केवारीला ताकद आणि शोषण दोन्ही ० टक्केवाल्या ब्लॉकच्या जवळ राहतात, तिथं थांबा. आमच्या अंदाजानं तुम्ही १५ च्या आसपास थांबाल. तसं झालं तर खप ३५ टनांऐवजी २६-२७ टनांवर येईल. येऊ द्या.

भाव ठरवताना एक आकडा विसरू नका. समजा, ताकद राखायला दाजींना घनमीटरला २० किलो सिमेंट वाढवावं लागलं आणि सिमेंट किलोला ७ रुपये पडतं. १४० रुपये गेले. १९० किलो क्रश सँड वाचवून तेवढे तरी निघतात का? निघत नसतील तर वाळू फुकट देऊनही दाजी तोट्यात आहेत. म्हणून आमचं मत असं: पहिले सहा महिने वाळूचे पैसे घेऊ नका, चाळणी आणि वाहतूक तुमच्याकडं ठेवा. आज ढीग उचलायला तुम्ही टनाला जे मोजता त्याच्याशी हा खर्च ताडून पाहा. सहा महिन्यांनी, दाजींच्या हातात खरी बचत दिसल्यावर, ती निम्मी-निम्मी वाटा.

कागदपत्रं. ही वाळू घातक वर्गात बसते की नाही हे अंदाजानं ठरवू नका. मान्यताप्राप्त लॅबकडून २०१६ च्या घातक कचरा नियमांतल्या अनुसूची २ प्रमाणे लीचिंगची (पाण्यात काय झिरपतं त्याची) तपासणी करून घ्या. फिनॉल आणि जड धातू दोन्ही सांगा, आणि रेझिन किंवा स्क्रॅपचा पुरवठादार बदलला की पुन्हा करा. घातक निघाली तर नियम ९ लागू होतो; प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीशिवाय दाजींना ती वापरता येत नाही, आणि प्रत्येक फेरीला फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (मालाच्या वाहतुकीची नोंद) लागतं. घातक नसली तरी तुमच्या संमतीपत्रात (मंडळ कारखाना चालवायला देतं त्यात) या वाळूचं प्रमाण आणि ती कुठं जाते हे लिहिलेलं असावं, आणि दाजींच्या संमतीपत्रात कच्च्या मालात तिचं नाव असावं. लोक दुसरी अर्धी बाजू विसरतात. मग तपासणीला अधिकारी आले की दाजींच्या आवारातला काळा ढीग "बेकायदा टाकलेला कचरा" ठरतो, आणि भोगावं त्यांना लागतं.

नात्यातल्या कराराचं अवघड वाटतंय ते समजतं. दाजींना करार मागू नका. एक पानी "मालाचा तपशील" तुम्हीच लिहून, सही करून न्या. त्यात तुम्ही स्वतःला बांधून घ्या: ओलावा २ टक्क्यांच्या आत, ३ मिमीवर काही राहणार नाही, क्ले आणि लॉस ऑन इग्निशन चाचणीच्या दिवशीच्या आकड्यापेक्षा एका टक्क्याहून जास्त वर जाणार नाही, कोअर, भुकटी आणि ब्लास्टची धूळ नसेल, गाडी पसंत न पडली तर दाजी कारण न सांगता परत पाठवतील आणि भाडं तुमचं, प्रत्येक गाडीतला २ किलो नमुना तारखेसह तीन महिने दोघांकडं राहील, थांबवायचं असेल तर कुणीही महिनाभर आधी सांगायचं. बहिणीच्या घरात तुमच्या वाळूवरून वाद जाऊ नये यासाठीच हा कागद आहे, हे त्यांना सरळ सांगा. जबाबदारी तुम्ही घेताय हे दिसल्यावर त्यांना सही करायला संकोच वाटणार नाही.

राहिली ती सोसायटी. तांबूस डाग दिसायला वाईट, पण धोक्याचे नाहीत. ताकदीचं तसं नाही. एम-३५ सांगून सरासरी ३१ आली आहे. चालण्याच्या वाटांसाठी असलेल्या एम-३० च्या निकषातही ती बसेलच असं नाही. गाड्या जिथून वळतात आणि उभ्या राहतात तिथले ब्लॉक आधी फुटतील. दाजींना घेऊन सोसायटीच्या सेक्रेटरींना स्वतः भेटा, लॅबचा कागद दाखवा, पार्किंग आणि रस्त्याचे ब्लॉक बदलून द्या, आणि बागेच्या वाटेवरच्यांसाठी एक वर्षाची हमी लिहून द्या. काढलेले ब्लॉक फोडून दाजींना खडी म्हणून वापरायचे असतील तर ते लेव्हलिंगच्या थरात घाला, नव्या ब्लॉकमध्ये नको. बदलण्याचा खर्च तुम्ही उचला. चार बॅचच्या चाचणीची तारीख त्यानंतर मागा.